शिडीला नसलेल्या पायऱ्या

आमच्या बालवाडीतल्या शिडीला खालच्या पायऱ्या मुद्दामच नाहीत. ज्याला स्वतः चढता येत नाही, त्याने वर जायचंच नाही, हे साऱ्या जर्मनीला पाठ आहे, एक माझे सासरे सोडून! त्यांनी माझ्या चार वर्षांच्या लेकीला, येटेला, उचलून थेट वर बसवलं आणि ती तिथे भोकाड पसरून बसली. लेकीसारखीच मीही त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणते. “ओपा, कुणी सांगितलं होतं चढवायला?” “बिचारी नुसती बघत होती गं.” मी हात पुढे केले, तर बालवाडीच्या बाई आडव्या आल्या. “तिचं तिला उतरू द्या. पडली तर खाली वाळूच आहे.” हुंदके देत येटे पाय सोडून लोंबकळली आणि धपकन वाळूत आली. डोळे पुसत तिने हात उंचावले, “ओपा, पुन्हा!” सासऱ्यांचे हात आपोआप पुढे झाले. मी ते दोन्ही घट्ट धरून ठेवले. नाहीतर माझेच पुढे गेले असते.