आतली बाजू

“आतली बाजू दाखव,” सिंधूताई म्हणाल्या.

दुकानदारानं हातातली लाल जाळीची चड्डी तशीच धरून ठेवली. जरीपटका वस्तीच्या बाजारातलं त्याचं दुकान चालतं होतं. मे महिन्याच्या रणरणत्या दुपारीही काउंटरपाशी तीन-चार बायका उभ्या होत्या. “काकू, नवीन लग्नवाल्या हीच नेतात. एकदम फॅन्सी माल आहे.”

“मी काय म्हटलं? आतली बाजू दाखव.”

काजल सासूच्या मागे अंग चोरून उभी होती. मांडीला मांडी लागली की आगीचा लोळ उठायचा, म्हणून ती पाय जरा फाकवूनच चालत होती. सकाळी अंगणात सासूनं ते चालणं पाहिलं आणि तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मलम लिहून दिलं, पण म्हणाल्या, “मलमानं काय होणार? आधी हे नायलॉन टाकून द्या. हिची कातडी नाजूक आहे. सुती घाला, सैल घाला.” तिथून दोघी थेट इथं आल्या होत्या.

रिक्षात सिंधूताईंनी एकच धोशा लावला होता. “कातडं सोलून निघालं, अन् तू सांगितलं काहून नाही वं?”

काय सांगणार होती काजल? तिचा नवरा साहिल हौसेनं अशाच जाळीच्या चड्ड्या ऑनलाइन मागवायचा. पाकीट तिच्या हाती देऊन ती ते उघडेपर्यंत समोर बसून राहायचा. माहेरच्या सुती चड्ड्या त्यानं एकदा पोछ्याच्या कपड्यांत टाकून दिल्या होत्या. “बुढ्यांचे कपडे,” असं म्हणून हसला होता. तीही हसली होती.

दुकानदारानं चड्डी पालटली. सिंधूताईंनी ती हिसकून घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं.

“हात कर इकडे.”

“माझा?”

“मंग कोणाचा? तूच इकून राहिला ना?”

त्यानं चक्क हात पुढे केला. सिंधूताईंनी ती शिवण त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला खसाखसा घासली. “काय वाटते?”

“टोचते थोडी,” तो ओशाळून म्हणाला.

“थोडी! हे घालून चुलीपुढं उभा राय दिवसभर, मंग फॅन्सी म्हण.”

एक बाई तोंडावर पदर घेऊन हसली. काजलचे कान तापले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मौद्याच्या प्लँटवरून साहिल बोलत होता.

“दुकानात आहे,” ती हळूच म्हणाली. “आईंसोबत. ते… आतले कपडे घ्यायला.”

पलीकडचा आवाज चढला. “आईले सांगितलं तू? हे काय आईले सांगायची गोष्ट होय? लाज नाही वाटली?”

सिंधूताईंनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

“लाज तिले काहून वाटन? तुले वाटली पाहिजे. उद्या कमरेले प्लास्टिकची पन्नी गुंडाळ अन् तशीच पँट चढवून मोटरसायकलनं मौद्याले जा. संध्याकाळी घरी आला का मले सांग, कसं वाटते ते.”

“आई, तू दुकानात आहे ना? लोक ऐकून राहिले असतील.”

“ऐकू दे! बायको रात्रभर तळमळते, ते तुले ऐकू नाही आलं. अन् लोकायचं बरं ऐकू येते!”

त्यांनी फोन बंद करून काजलच्या हातात कोंबला. “घे. पाहून घे तुह्या हातानं.”

काजल पुढे झाली. दुकानदारानं आता पांढऱ्या, फिक्या गुलाबी चड्ड्यांचा डबा काढला होता. तिनं एक उचलली, पालटली, कमरेची पट्टी ताणून पाहिली.

“ही नको. रबर उघडं आहे. कापडात झाकलेलं दाखवा.”

“सगळ्या अशाच येतात, वहिनी.”

“मग दुसऱ्या दुकानात पाहते.” आपला आवाज एवढा मोठा निघेल, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तो मुकाट्यानं शिडीवर चढला आणि वरच्या फळीवरचा डबा घेऊन आला. हे कापड मऊ होतं. काजलनं नेहमीपेक्षा एक नंबर मोठा मागितला. फोन पुन्हा वाजू लागला. स्क्रीनवर साहिलचं नाव होतं. तिनं तो पालथा करून काउंटरवर ठेवला आणि दुसरी चड्डी पाहायला घेतली.

पिशवी भरता भरता दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, “काकू, तुम्हाला काही दाखवू?”

सिंधूताईंनी फटकारायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. त्यांचा हात कमरेकडे गेला आणि तिथं खाजवू लागला. साडी किंचित खाली सरकली. काजलला दिसलं. परकराच्या नाडीच्या जागी कंबरभर बोटाएवढा काळा, राठ पट्टा उमटला होता. एका ठिकाणी तो चिरला होता, आणि चीर ओली होती.

“मले?” सिंधूताई म्हणाल्या. “मले तं लग्न होऊन आली तवापासून कोणी इचारलंच नाही.”

त्यांनी दुकानदाराकडे असं रोखून पाहिलं, जणू त्यानं आत्ता विचारलं हाच त्याचा गुन्हा होता.