तेवढा शेवट बदलला

रंगमंचावरच्या बाईनं नवऱ्याची ट्रंक दाराबाहेर ठेवली आणि आतून कडी घातली. शेवटच्या रांगेतून मी शेजारणींना हळूच म्हणाले, "ही मीच."

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं माझा हात मोडला, तेव्हा मी असंच केलं होतं. देवस्थळी मॅडमकडे पोळ्या लाटताना एकदा ते सांगितलं आणि त्यांनी वहीत उतरवून घेतलं. आज त्यांच्या महिला मंडळाच्या नाटुकल्यांमध्ये माझी गोष्ट होती, म्हणून मी अख्ख्या गल्लीतल्या बायकांना घेऊन आले होते.

मग दाराबाहेर नवरा रडायला लागला. बाईनं डोळे पुसले, कडी काढली आणि त्याची ट्रंक स्वतः उचलून आत आणली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या शेजारणीसुद्धा.

मी विंगेत जाऊन विचारलं, तर मॅडम हसल्या. "अगं, तेवढा शेवट बदलला. लोकांना घरी जाताना बरं वाटायला हवं. तुझ्या नवऱ्यालाही मी मुद्दाम पास पाठवला होता, आला असेल बघ."

तो सभागृहाच्या दारातच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. "एवढ्या शिकलेल्या लोकांना पटलं," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुलाच तेवढं पटत नाही."

मी घराकडे चालायला लागले. सोबतच्या शेजारणी एकेक करून मागे राहिल्या, त्याला माझ्या बाजूनं चालता यावं म्हणून.