पिसाची हॅट

आरशात पोलिसांच्या गाडीचे निळे दिवे दिसले तेव्हा लिनवुड बीझली स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता. कॅसेटवर क्लॅरिनेट ऐन रंगात आलं होतं.

"माझ्याच मागे आहे का तो?"

शेजारी बसलेल्या बायकोने, व्हर्डेलने, मागे वळून पाहिलं नाही. "गाडी बाजूला घे. हळू. आणि हात वरच ठेव. दिसायला हवेत."

ऑक्टोबरातल्या रविवारची दुपार. दोन्हीकडे वाळलेला मका, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कॅन्सस सिटी अजून चाळीस मैल होती. तिथल्या एका जुन्या हॉलमध्ये दर महिन्याला त्यांच्यासारखी म्हातारी कृष्णवर्णीय मंडळी जमत. जुन्या धाटणीचे सूट, जुन्या हॅट्स, नऊ जणांचा बँड आणि पाय दुखेपर्यंत नाच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लिनवुडने आज क्रीम रंगाचा सूट घातला होता. डोक्यावर राखाडी फेल्टची हॅट.

गाडी थांबली. गाणं बंद करायला त्याने हात उचलला.

"राहू दे," व्हर्डेल ओठ न हलवता म्हणाली. "तो आलाय."

पोलीस पंचविशीचा, गोरा, नुकतीच दाढी केलेला. एक हात कमरेच्या पिस्तुलाजवळ. त्याचाही श्वास जोरात चालला होता. लिनवुडला पिस्तुलापेक्षा त्या श्वासाचीच जास्त धास्ती वाटली.

"ते गाणं बंद करा."

"बंद करायला हात खाली न्यावा लागेल, सर. नेऊ?"

"न्या."

क्लॅरिनेट थांबलं. आता वाऱ्यावर मक्याची पानं घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"मागचा एक दिवा लागत नाहीये. लायसन्स?"

"कोटाच्या आतल्या खिशात आहे, सर. काढू?"

"हळू."

पोलिसाने लायसन्स वाचलं. नाव कळल्यावर त्याचा सूर बदलला. त्याच्या आजोबांच्या वयाचा माणूस त्याच्यासाठी एकदम शाळकरी पोर झाला.

"लिनवुड, मागच्या सीटवर तो गोल डबा कसला?"

"हॅटचा आहे, सर."

"हॅट तर तुझ्या डोक्यावर आहे."

"ती माझी. डब्यात बायकोची आहे. तिचं पीस उंच आहे, छताला टेकतं."

पोलीस डब्याकडे पाहत राहिला. "उतर. उघड तो."

लिनवुड उतरला. मागचं दार उघडून त्याने डबा जवळ ओढला. झाकणावर दोरी होती आणि दोरीला गाठ. बोटं गाठीवरून नुसतीच घसरत होती. मागे कातडी पट्ट्याचं बटण टक्कन सुटलं. ते कशाचं, हे त्याला वळून न पाहताही कळलं.

"वेळ का लागतोय?"

"गाठ आहे, सर. घट्ट बसलीय."

"लिन," पुढच्या सीटवरून, समोर पाहतच, व्हर्डेल बोलली. पोराला बुटाची नाडी बांधायला शिकवावी तसा आवाज. "डावं टोक ओढ. नुसतं डावं."

त्याने डावं टोक ओढलं. झाकण निघालं आणि दबलेलं रानकोंबड्याचं लांब पीस ताडकन वर आलं.

पोलीस दचकून मागे सरला. पिस्तूल अर्धं बाहेर आलं होतं.

लिनवुडने डोळे मिटून घेतले. हात डोक्याच्या वर. किती वेळ गेला, ते त्याला सांगता आलं नसतं.

"अच्छा," पोलीस म्हणाला आणि हसला. "खरंच हॅट आहे की! माझ्या आजीकडे अशीच होती. जा, मजा करा. आणि तो दिवा बदलून घे, लिनवुड."

त्याची गाडी गेली, धूळ खाली बसली, तरी लिनवुड तसाच उभा होता. व्हर्डेल उतरली, तिने त्याचे हात एकेक करून खाली घेतले. तेव्हा तिला त्याची ओली पँट दिसली. क्रीम रंगावर काही लपत नाही.

"घरी जाऊ," तो म्हणाला.

तिने त्याला गाडीत बसवलं आणि स्वतः चालवायला बसली. गाडी कॅन्सस सिटीकडेच नेली.

चार मैलांवर पेट्रोलपंप लागला. ती तिथल्या दुकानात गेली आणि बर्फ घातलेल्या गोड चहाचा सगळ्यात मोठा ग्लास घेऊन आली.

"मला नको," लिनवुड म्हणाला.

व्हर्डेलने झाकण काढलं आणि अर्धा ग्लास त्याच्या मांडीवर ओतला. बर्फासकट. उरलेला स्वतःच्या जांभळ्या झग्यावर.

"अगं ए! वेड लागलं का तुला?"

"खड्डा आला."

"गाडी उभी आहे, व्हर्डेल!"

"मग मी धांदरट आहे. पन्नास वर्षं सगळ्यांना हेच तर सांगत आलायस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवरचे बर्फाचे तुकडे वेचून खिडकीबाहेर टाकले.

हॉलच्या दारात ट्रम्पेटवाला रॉस्को भेटला. "हे काय रे, लिनवुड? पोहत आलास की काय?"

"माझी करामत!" व्हर्डेल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. हॅट तिने मघाशीच आरशात बघून नीट घातली होती. "अख्खा ग्लास सांडला त्याच्यावर. माझी हॅट वाचली, हे नशीब!"

सगळे खो-खो हसले. लिनवुडही हसला, जरा उशिरा.

बँड सुरू झाला. दोघं ओल्या कपड्यांत नाचायला उतरले. तिसऱ्या गाण्याला त्याचे पाय तालात पडू लागले. चौथं संपलं तेव्हा रॉस्कोने मंचावरून ओरडून विचारलं, "आता तुझ्या आवडीचं वाजवतो, लिनवुड. कुठलं सांग!"

लिनवुड खिडकीकडे पाहत होता. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर वर सरकत चाललं होतं.

"कुठलंही वाजव," तो म्हणाला. "छोटं असू दे. आम्हाला उजेडात घरी पोचायचंय."