लीना बोलत नाही

डॉक्टरांनी लीनाच्या पाठीमागे उभं राहून वाटीवर चमचा वाजवला. लीनानं चटकन मान वळवली. मग त्यांनी तिची जीभ पाहिली, घसा पाहिला, आणि ते हात धुवायला गेले.

"पोरीत काही खोट नाही, ढाकणे सर," हात पुसत ते म्हणाले. "कान चांगले आहेत. जीभ मोकळी आहे. मग ही बोलत का नाही?"

हाच प्रश्न घेऊन आसाराम ढाकणे दवाखान्यांचे उंबरे झिजवत होते. श्रीरामपूरच्या एका हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत. लीनाला चार वर्षं पुरी झाली होती. जूनमध्ये तिला कॉन्व्हेंटात घालायचं होतं, आणि मुलीनं निदान स्वतःचं नाव तरी सांगितलं पाहिजे, असं तिथल्या सिस्टरनी बजावलं होतं. पण सरांना आता कॉन्व्हेंटचंही काही राहिलं नव्हतं. पोर जन्माची मुकी राहते की काय, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. शिक्षकांच्या खोलीत कुणी पोराबाळांचा विषय काढला, की ते तास नसला तरी उठून जात.

बरं, सरांनी काही कमी केलं म्हणावं, तर तसंही नाही. पोरीचं नाव ठेवतानासुद्धा ते इंग्रजीत वाकडं होणार नाही हे पाहिलं होतं. पाळण्यात होती तेव्हापासून ते तिच्याशी इंग्रजीत बोलत. वॉटर म्हण. मिल्क म्हण. ओठ असे गोल कर. बायकोला ताकीद होती, की इंग्रजी येत नसेल तर निदान शुद्ध बोल, आणि तेही जमत नसेल तर पोरीसमोर बोलूच नको. भागिरथी पाथर्डीकडच्या खेड्यातली. लग्नानंतर पहिलं वर्षभर सरांनी तिचं वाक्य न् वाक्य दुरुस्त केलं. पुढे पुढे दुरुस्त करायला वाक्यच हाती लागेना. सरांना वाटलं, सुधारली.

तसे सरही तिकडचेच, तिच्या माहेराच्या शिवेला शीव लागलेल्या गावचे. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच महिन्यात ते इंग्रजीचा धडा वाचायला उभे राहिले आणि 'इस्टेशन' म्हणाले. वर्ग हसला, त्याचं काही नाही. पोरं हसायचीच. पण प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. त्या दिवसापासून आसारामनं रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून ऐकून जीभ घासून काढली. इंग्रजीबरोबर मराठीही घासली गेली. गावी गेले तरी ते छापल्यासारखं बोलत, आणि चुलते त्यांना 'अहो-जाहो' करत. आपल्या लेकीवर असं कुणी हसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यात वाईट काय होतं?

"सर, तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले. "तिला आईजवळ असू द्या."

सर बाहेर बाकावर येऊन बसले. दुष्काळाचं साल होतं. खडी फोडायच्या कामावरची माणसं पोरंबाळं घेऊन ओसरीभर बसली होती. कुणी खोकत होतं, कुणी हाताच्या जखमेवरची चिंधी सोडत होतं. एवढ्यात आतून एका लेकराचा आवाज आला.

"ह्ये मांजार लई बारीक हाय. ह्येला दूद न्हाई का घालीत कुनी? त्ये बग, त्ये शेपूट चाटतंय. आवो डाक्टर, ह्ये तुमचं हाय का?"

कामावरच्या कुणाची तरी पोरगी मागच्या दारानं आत शिरली असणार. सवयीनं सरांची जीभ हलली. हाय नाही, आहे. दूद नाही, दूध. मग जीभ थांबली. आतली पोरगी बोलतच होती. मांजरानं उंदीर खाल्ला तर त्याचं पोट दुखतं का, हे तिला डॉक्टरांकडून समजून घ्यायचं होतं. डॉक्टर मोठ्यानं हसले. कुणाचं का असेना, लेकरू काय गोड बोलत होतं. आपली लीना असं बोलली असती, अगदी अस्संच, तरी चाललं असतं. चाललं असतं काय, त्यांनी शाळेत पेढे वाटले असते.

कोण ही पोर, बघावी तरी, म्हणून ते उठले आणि त्यांनी पडदा सारला.

आत डॉक्टर होते, भागिरथी होती आणि लीना होती. खोलीला मागचं दार नव्हतंच. खिडकीत एक मांजर बसलं होतं. बापाला पाहिल्याबरोबर लीनानं ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

भागिरथी उठून उभी राहिली.

"बोलती ती," ती म्हणाली. "लई बोलती. तुमी शाळंत गेलं की दिवसभर तोंड मिटत न्हाई तिचं. पन समदं माज्यावानी बोलती. तुमच्या कानावर पडलं तर तिचं बी बोलनं माज्यावानी बंद व्हईल. म्हनून मीच सांगितलंय तिला, बाबा आलं की गप ऱ्हायचं."

"एवढे दवाखाने केले," सर म्हणाले. "तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"कंच्या बोलीत सांगू?"

सर लीनासमोर उकिडवे बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. सवयीनं ओठ गोल झाले, पण त्यातून इंग्रजी शब्द बाहेर येईना, आणि शुद्ध मराठीही येईना. मग जे आलं, ते कॉलेजच्या आधीचं होतं.

"बोल की गं, बाय," ते म्हणाले. "म्या काय बी म्हननार न्हाई तुला. बोल."

लीना डोळे विस्फारून त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं आईचा पदर ओढला, तिला खाली वाकवलं आणि तिच्या कानात विचारलं,

"आये, बाबाबी चोरून बोलत्यात व्हय?"