बघायचं टेबल, खायचं टेबल

दादरच्या हॉलमध्ये ताईच्या लग्नाचं डेझर्ट टेबल मी सजवलं: कपकेकवर दोघांची नावं, क्रीमच्या मुंडावळ्या. शेजारीच शकूमावशीचं रुखवत होतं. करंज्यांचं कमळ, लाडवांचं तुळशीवृंदावन. लालबागहून आलेल्या व्याह्यांकडच्या बायका माझ्याच टेबलाचे फोटो काढू लागल्या. “रुखवत काय भारी मांडलंय गं!” म्हणत एकीनं नवऱ्याच्या हातावर चापट मारली, “अहो, हे फक्त बघायचं असतं.” “खायचंय, काकू, घ्या ना!” मी विनवत होते, तोवर पलीकडे भावोजींच्या मित्रांनी खऱ्या रुखवताला डेझर्ट समजून कमळ फस्त केलं आणि वृंदावनाला हात घातला. तेवढ्यात मावशी आली. आठवडाभर राबली होती. तिनं त्या पोरांना विचारलं, “लाडू कसा झालाय?” “एक नंबर, मावशी!” तिनं ताटच पुढे केलं. “खा रे. जन्मभर रुखवतं मांडली, चव आज पहिल्यांदाच कुणी घेतली.”