सर्व्हरवरची हजेरी

सोसायटीच्या ऑफिसातले सगळे कम्प्युटर एका सर्व्हरला जोडून झाले, तेव्हा इंजिनिअर दिपेशने बजावलं, "आता ज्याने त्याने आपल्याच मशीनवर, आपल्याच पासवर्डने काम सुरू करायचं. कोण किती वाजता आलं, ते सर्व्हर लिहून ठेवेल."

कारकून नेत्राला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेअरमनचा मेहुणा, सून आणि भाचा, ही तीन रत्नं फक्त पगारापुरती ऑफिसची. भाचा जीवन तर हेडक्लार्क, आणि दिवसभर रेवसच्या धक्क्यावर पत्ते कुटत बसलेला. मस्टरवर तिघांच्या सह्या इतकी वर्षं नेत्राच ठोकत आली होती. आता सर्व्हरवर कोण ठोकणार?

महिन्याने तिने हजेरीची यादी चेअरमन काळूरामशेठपुढे ठेवली. तिघांच्या नावापुढे एकही दिवस नव्हता.

"बरा झाला पोरी, पयला मना दाखवलास," शेठ म्हणाले. लगेच दिपेशला फोन लावून त्यांनी तिघांचे पासवर्ड मागवले आणि कागदावर लिहून तिच्या हातात दिले.

तेव्हापासून नेत्रा पावणेदहाला यायची, रत्नांचे तिन्ही खटारे एकेक करून सुरू करायची आणि मग आपल्या मशीनकडे वळायची. तोवर दहा वाजून गेलेले असायचे.

पुढच्या महिन्याची यादी शेठनी स्वतः मागवली. तिघं रोज वेळेवर, उशिरा येणारी एकटी नेत्रा. तिच्या नावाने मेमो निघाला. तो तिनेच टाइप केला, आणि खाली हेडक्लार्कची सही लागत होती, तीही तिनेच ठोकली.