मर्विनचा ढोल

बेलफास्टमधल्या मर्विनच्या गल्लीत फुटपाथच्या कडासुद्धा ब्रिटिश झेंड्याच्या रंगांत रंगवलेल्या. ब्रिटिशनिष्ठांच्या जुलैच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे त्याचाच ढोल. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार म्हटल्यावर, पुढेमागे तिकडच्या विमानतळावर ताटकळायला नको, म्हणून त्याने उत्तर आयर्लंडच्या लोकांना मिळतो तो आयरिश पासपोर्टही गुपचूप काढून ठेवला होता. हे माहीत फक्त त्याच्या बायकोला, फिलिपिन्सच्या मारिसेलला.

तिचा व्हिसा संपत आला, तेव्हा दोघं वकीलबाईंकडे गेली. त्या मर्विनला म्हणाल्या, "तुम्ही नुसते आयरिश असता, तर युरोपच्या कायद्याने बायको इथे राहू शकली असती. पण तुम्ही ब्रिटिशही आहात, म्हणून ती सवलत नाही. ब्रिटिश नागरिकत्व सोडून द्या, मग तिला कुणी हात लावणार नाही."

मारिसेल चक्रावली. "म्हणजे हा इथला आहे म्हणून मी जायचं, आणि हा इथला नसला तर मी राहायचं?"

"कायदा तसाच आहे, बाई."

"मर्विन, तुला तरी कळलं का काही?"

घरी पोचल्यावर मर्विन ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला.

जुलैत मिरवणूक निघाली. मर्विनने ढोल असा काही बडवला, की मनगटं सोलवटून रक्त आलं. शेजारचा सॅमी मारिसेलच्या कानाशी ओरडला, "वहिनी, या गल्लीत अस्सल ब्रिटिश एकच उरलाय, तुमचा नवरा."

मारिसेलने मान डोलावली. इथे राहायचा परवाना तिला गेल्याच आठवड्यात मिळाला होता.